सोळाव्या दिवसाचा रुग्ण

प्रशासनात 'पुनर्वसन' हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातून आलेल्या माझ्या पिढीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम धरण येते. कोयना, जायकवाडी, उजनी येथून उठलेली गावे, १९७६ साली राज्याने केलेला प्रकल्पग्रस्तांसाठीचा कायदा, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नव्याने वसविलेल्या वस्त्या. या साऱ्या अनुभवातून शासन एक गोष्ट शिकले, निदान कागदावर तरी शिकले, की मोबदल्याचा धनादेश हातात ठेवला म्हणजे पुनर्वसन झाले असे नव्हे. रस्ता, विहीर, शाळा, स्मशानभूमी अशा अठरा नागरी सुविधांची यादी त्यातूनच आली. ती यादी किती ठिकाणी पुरी झाली हा वेगळा लेखाचा विषय आहे.

वैद्यकाच्या क्षेत्रात हाच शब्द वापरला जातो, तेव्हा मात्र आपली समजूत अजून धनादेशापाशीच थांबलेली दिसते. पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयात दाखल झाला, त्याचे प्राण वाचले, बिल भागले, की व्यवस्थेच्या लेखी प्रकरण निकाली निघते. त्याचा उजवा हात चालतो का, त्याला बोलता येते का, तो स्वतःच्या हाताने जेवतो का, हे प्रश्न ज्या दिवसापासून सुरू होतात त्या दिवशी फाईल बंद झालेली असते. आपल्या देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना पक्षाघाताचा झटका येतो आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने आपले रुग्ण वयाने लहान असतात, हे लक्षात घेतले तर प्रश्नाचा आकार कळेल.

माझा विषय अर्थशास्त्र, वैद्यक नव्हे. परंतु गेली काही वर्षे नोकरीच्या निमित्ताने बंगळुरात राहत असताना होसूर रस्त्यावरील निम्हान्स या संस्थेचे काम जवळून पाहण्याचा योग आला आणि त्या निमित्ताने या विषयावरील संशोधन वाचण्याची सवय लागली. वाचता वाचता असे जाणवले की संशोधनाचे घड्याळ आणि शासकीय योजनेचे घड्याळ ही दोन वेगवेगळ्या वेळा दाखवीत आहेत.

योजनेचे घड्याळ असे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. २०२४ साली सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, योजना लागू झाली; म्हणजे पक्षाघाताचा धोका ज्या वयात मोठा त्या वयाचे सर्वच आत आले. निर्णय स्तुत्यच आहे. पण ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, त्यातील तपासण्या व औषधे, एवढाच तिचा काठ आहे. सोळाव्या दिवशी रुग्ण योजनेच्या नकाशावरून नाहीसा होतो.

आता संशोधनाचे घड्याळ पाहा. २०२१ साली अमेरिकेत एका छोट्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७२ रुग्ण, त्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज हाताच्या कामांचे वीस तासांचे जादा प्रशिक्षण द्यायचे, पण वेगवेगळ्या वेळी. काहींना झटक्यानंतर पहिल्या महिन्यात, काहींना दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, काहींना सहा महिन्यांनंतर. सर्वांत अधिक लाभ झाला तो साठ ते नव्वद दिवसांच्या गटाला. सहा महिन्यांनंतर दिलेल्या त्याच वीस तासांचा तितका गुण आला नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावरून देशाचे धोरण ठरवू नये, हे मान्य. पण त्याच्या जोडीला २०१५ साली प्रसिद्ध झालेला 'अ‍ॅव्हर्ट' हा मोठा प्रयोग ठेवा. पाच देश, ५६ रुग्णालये, २१०४ रुग्ण. झटका आल्यावर चोवीस तासांच्या आतच रुग्णाला उठवून वारंवार उभे करावे, चालवावे, त्याने तो लवकर सुधारेल, अशी सर्वांची अपेक्षा. निष्कर्ष उलटा आला. घाईने व जास्त प्रमाणात हालचाल करविलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण ४६ टक्के, नेहमीच्या पद्धतीने हाताळलेल्या गटात ५० टक्के. म्हणजे पहिल्या दिवशी अतिउत्साह नको, आणि दुसरा-तिसरा महिना वाया जाऊ द्यायला नको. आपली तरतूद नेमकी याच्या उलट्या टोकाला आहे.

सर्वांत बोधप्रद प्रयोग मात्र आपल्याच देशातला आहे, आणि प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते. त्याचे नाव 'अटेंड'. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन आणि ऑस्ट्रेलियातील डॉ. रिचर्ड लिंडली यांच्या पुढाकाराने देशातील १४ रुग्णालयांत २०१४ ते २०१६ या काळात १२५० रुग्ण त्यात घेतले गेले. पैसा ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा. कल्पना अगदी आपल्या मातीतली वाटावी अशी होती. भारतात फिजिओथेरपिस्ट कमी, पण घरात माणसे आहेत. मग पत्नी, मुलगा, सून यांपैकी एकाला रुग्णालयातच शिकवावे. कसे बसवावे, कसे उठवावे, हात कसा वापरायला लावावा. आणि घरी गेल्यावर दोन महिन्यांपर्यंत त्यानेच हा सराव करून घ्यावा. खर्च थोडा, पसारा थोडा. एखाद्या सचिवाच्या टेबलावर हा प्रस्ताव आला असता तर 'लोकसहभागातून' हा शब्द घालून तो एका बैठकीत मंजूर झाला असता.

२०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आला. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण प्रशिक्षित कुटुंबांच्या गटात ४७ टक्के, आणि काहीही विशेष न केलेल्या गटातही ४७ टक्के.

असा निष्कर्ष हाती आला की आपल्याकडे 'प्रयोग फसला' असे म्हणण्याची रीत आहे. मला ते मान्य नाही. प्रयोग उत्तम यशस्वी झाला. फसली ती कल्पना, आणि ती हजारो कोटी खर्चून सहाशे जिल्ह्यांत नेण्याआधीच कळले. आपल्या किती योजनांच्या बाबतीत असे म्हणता येईल? योजना आधी, मूल्यमापन पाच वर्षांनी, आणि मूल्यमापनाचा अहवाल योजनेच्या मुदतवाढीच्या प्रस्तावाला जोडलेला, ही आपली नित्याची पद्धत आहे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एका गटाला योजना देऊन व दुसऱ्याला न देऊन तुलना करणे हे प्रशासकाला अन्यायाचे वाटते. प्रत्यक्षात अन्याय तेव्हा होतो जेव्हा निरुपयोगी गोष्ट सर्वांना सारखी वाटली जाते.

या कल्पनेत एक अर्थशास्त्रीय गृहीतकही दडलेले होते, त्याकडे लक्ष वेधणे मला भाग आहे. घरच्या माणसाचा वेळ फुकट असतो, हे ते गृहीतक. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकामात गुंतलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला देतात, पुरुष ९७ मिनिटे. घरातील माणसांच्या देखभालीसाठी ती देखभाल करणाऱ्या स्त्रिया १३४ मिनिटे देतात, पुरुष ७६. या पाच-सात तासांवर आणखी एक तास शास्त्रशुद्ध व्यायामाचा चढवायचा, तोही नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या आजारपणाने घराचे उत्पन्न आटलेले असताना. ज्या साधनाची किंमत शून्य धरली जाते त्याचा वापर नेहमी बेहिशेबी होतो. पाण्याच्या बाबतीत आपण हे पाहिले आहे. स्वयंपाक, डबा, मुलांचा अभ्यास आटोपून एखादी गृहिणी किती निष्ठेने सांध्यांचे व्यायाम करवून घेईल हा निष्ठेचा प्रश्न नाहीच, दिवसाच्या चोवीस तासांचा आहे. प्रयोगकर्त्यांनीही पुढचा प्रश्न योग्य दिशेने विचारला आहे: कुटुंबाऐवजी प्रशिक्षित, पगारी आरोग्य-सहाय्यकांवर हे काम सोपविले तर?

निम्हान्समधील एका अभ्यासाचा उल्लेख येथे करायला हवा. ही संस्था १९७४ च्या डिसेंबरात जुने मानसिक रुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून झाली. बंगळूरबाहेर लोक तिला 'वेड्यांचे इस्पितळ' एवढेच समजतात, पण मज्जासंस्थेच्या रुग्णांच्या पुनर्वसनाचा तिचा विभाग देशातील मोजक्या विभागांपैकी आहे. तेथील डॉक्टरांनी २०१६ साली ४५ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. झटका येऊन तीन महिन्यांहून अधिक काळ लोटलेले हे रुग्ण. तीन गट केले. एका गटाला साध्या जमिनीवर चालण्याचा सराव, दुसऱ्याला ट्रेडमिलवर, तिसऱ्याला छताकडून पट्ट्यांनी शरीराचे वजन तोलून धरणाऱ्या महागड्या यंत्रासह ट्रेडमिलवर. चार आठवड्यांनी तिन्ही गटांच्या चालण्यात सुधारणा दिसली. यंत्राचा गट जमिनीवर चालणाऱ्यांपेक्षा सरस ठरला नाही.

या छोट्या अभ्यासात दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक, तीन महिने उलटले म्हणजे सारे संपले असे नाही. दार अरुंद होते, बंद होत नाही. दुसरी, गुण यंत्राचा नव्हे, सरावाचा. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या 'रॅटुल्स' प्रयोगाने २०१९ साली हाताच्या व्यायामासाठीच्या यंत्रमानवाबद्दल हेच सांगितले. बंगळूरसारख्या तंत्रज्ञाननगरीत चकचकीत पुनर्वसन केंद्रांच्या जाहिरातींत यंत्रे पुढे आणि माणसे मागे असतात. जिल्हा रुग्णालयासाठी खरेदीची मागणी येते तेव्हाही तसेच होते, कारण यंत्राची निविदा काढता येते, उद्घाटन करता येते, आणि लेखापरीक्षकाला ते हात लावून पाहता येते. थेरपिस्टचे पद मात्र वर्षानुवर्षे कंत्राटी.

औषधांच्या बाबतीतही कथा वेगळी नाही. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे जुने, स्वस्त औषध पक्षाघातानंतर हातापायांत बळ आणते असे फ्रान्समधील ११८ रुग्णांच्या प्रयोगावरून २०११ साली वाटले होते. ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर ते तपासले तेव्हा कार्यक्षमतेत फरक पडला नाही; नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले.

आणि स्टेम सेल. हा विषय निघाला की माझी लेखणी थोडी तीक्ष्ण होते, वाचकांनी क्षमा करावी. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून दिल्लीच्या एम्सचे डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांत १२० रुग्णांवर रीतसर प्रयोग झाला. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून दिल्या. २०१४ साली निष्कर्ष आला: धोका नाही, पण पक्षाघातावर फायदाही नाही. आय.सी.एम.आर.च्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार वगळता स्टेम सेलचा इतर वापर मान्यताप्राप्त प्रयोगाबाहेर करू नये असे स्पष्ट आहे. तरीही ज्या घरात वडील आठ महिने अंथरुणाला खिळून आहेत त्या घराचा फोन नंबर अशा उपचारांच्या विक्रेत्यांना कसा कोण जाणे मिळतोच. जॉर्ज अकरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले ते येथे तंतोतंत लागू पडते. विकणाऱ्याला माल ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही. अशा बाजारात खोटा माल खऱ्याला हुसकावून लावतो. सोळाव्या दिवसापासून शासनाने मोकळे सोडलेले मैदान रिकामे राहत नाही, ते असे भरते.

व्यायामाचे पेटंट घेता येत नाही. म्हणून किती तास, कोणत्या महिन्यात, कोणी करवून घ्यावा, या प्रश्नावर कोणतीही कंपनी पैसा लावणार नाही. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक हिताची वस्तू म्हणतात ती हीच. हा खर्च शासनाने केला नाही तर कोणीच करणार नाही. आय.सी.एम.आर.च्या साह्याने देशातील पक्षाघात केंद्रांचे एक जाळे उभे राहिले आहे. त्याने ३१ केंद्रांत चार हजारांवर रुग्ण घेऊन, बारा भाषांतील पुस्तिका, चित्रफिती आणि संदेश पाठवून दुसरा झटका टळतो का, हे तपासले. फरक पडला नाही असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. पुन्हा नकारार्थी, पुन्हा उपयुक्त. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या भाषांत काम करण्याची क्षमता आपल्याकडे आहे, हे तरी त्यातून सिद्ध झाले.

भाषेचा मुद्दा परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अधिक लागू. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील, सोलापूरकडचे निवृत्त शिक्षक, मुलाकडे बंगळुरास राहायला आलेले. झटक्यानंतर वाचा गेली. वाचोपचार देणारी मुलगी कामात चोख, परंतु तिची भाषा कन्नड आणि इंग्रजी, आजोबांशी ती मोडक्या हिंदीत बोले. चित्र दाखवून नाव विचारले की आजोबा गप्प. एके संध्याकाळी नात पाढे म्हणत होती, तेव्हा ते मध्येच पावकी म्हणू लागले. नुसते सुरू झाले नाहीत, बऱ्याच पुढे गेले. पाठ केलेले, लहानपणी मुरलेले शब्द वाचाघातातही पुष्कळदा शाबूत राहतात, हे तज्ज्ञांना ठाऊक असते. पण पावकी, निमकी म्हणजे काय हे त्या मुलीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलाने जाऊन सांगितले, आणि तिने उपचार तेथून सुरू केले.

डॉ. सुवर्णा अल्लाडी, ज्या पुढे निम्हान्समध्ये आल्या, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ६०८ पक्षाघात-रुग्णांची नोंद तपासून २०१६ साली दाखवून दिले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के रुग्णांची आकलनशक्ती झटक्यानंतर सामान्य राहिली, एकभाषिकांत हे प्रमाण १९.६ टक्के. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्हींकडे सारखेच होते. म्हणजे घरी मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी असा आपला रोजचा व्यवहार मेंदूला काही संरक्षण देत असावा. पण बोलणे गेले तर कोणत्या भाषेत तपासावे आणि कोणत्या भाषेत शिकवावे हा प्रश्न उरतोच. कन्नडसाठी म्हैसूरची वाक् व श्रवण संस्था आहे, मराठीसाठी मुंबईची अलि यावर जंग संस्था. बंगळुरातील मराठी रुग्ण या दोन खांबांच्या मधोमध उभा असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचाघाताचा नाव घेऊन वाणी व भाषेच्या दिव्यांगत्वात समावेश केला आहे. प्रमाणपत्र देण्यासाठी मोजमाप करायचे ते रुग्णाच्या भाषेतच, असे मात्र प्रत्यक्षात होताना मला क्वचितच दिसले.

त्याच कायद्याचे कलम २० शासकीय नोकरांनी वाचून ठेवावे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर कामावरून काढता येत नाही, पदावनती करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. आस्थापना शाखांना हे कलम माहीत नसते असे नाही, आठवत नसते.

मग करावे काय? आयुष्मान भारतमध्ये पक्षाघातासाठी रुग्णालयाबाहेरील उपचारांचे नव्वद दिवसांचे स्वतंत्र पॅकेज असावे, असे माझे मत आहे. यावर वित्त विभागाचा आक्षेप काय येईल हे मी त्या बाजूने बसलेला असल्यामुळे सांगू शकतो: बाह्यरुग्ण उपचारांत खोट्या नोंदी सर्वांत सोप्या, न झालेल्या व्यायामाची बिले येतील. आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय, उपस्थितीच्या नोंदीऐवजी रुग्णाच्या चालण्याचा वेग सुरुवातीला आणि शेवटी दुसऱ्याच संस्थेने मोजावा. दहा मीटरची फीत आणि सेकंदकाटा एवढे साहित्य पुरते. बरे न झालेल्यांना घेणे केंद्रे टाळतील ही भीती उरते, म्हणून मोबदला सुधारणेवर नव्हे, प्रामाणिक मोजणीवर ठेवावा.

पगारी सहाय्यकांची योजना मात्र थेट सुरू करू नये. आधी काही जिल्ह्यांत, गट पाडून, प्रयोग म्हणून करावी. कर्नाटकात निम्हान्स आणि राज्य शासनाने २०२२ पासून कोलार, चिक्कबळ्ळापूर व बंगळूर दक्षिण येथे मेंदू-आरोग्याचा जो उपक्रम सुरू करून पुढे वाढविला, त्याच्या जिल्हा केंद्रांत हे सहज बसेल. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात २०१० पासून 'पक्षाघात' हा शब्द होता. २०२३ मध्ये नाव सुटसुटीत करताना तो गळला. नाव गेले म्हणजे काम गेले असे नाही, पण लेखाशीर्षांच्या राज्यात नावाला वजन असते, आणि निधी मागताना ते वजन कामी येते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला आणि रुग्णालयाने संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारले, तर लगेच नकार देऊ नये आणि लगेच सहीही करू नये. संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळणे हा हक्क आहे. मराठी प्रत मागावी. रुग्णाला बोलता येत नसेल तरी त्याला विचारावे, कारण बोलता न येणे म्हणजे न समजणे नव्हे. २००७ पासून देशात चालू असलेल्या वैद्यकीय प्रयोगांच्या नोंदवहीतील क्रमांक विचारून घ्यावा आणि तो घरी संकेतस्थळावर पडताळावा. त्याला पैसे पडत नाहीत. नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. क्रमांक नाही, आणि वर रुग्णाकडूनच पैसे मागितले जात आहेत, अशी स्थिती असेल तर तो प्रयोग नसून विक्री आहे, आणि तेथून उठून यावे.